बाबांची धाप दम्याची नाही, मानेच्या मणक्याला हाड वाढलंय म्हणतात – बेळगाव भागात कुणाला अनुभव आहे का?

कडोलीकर
नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा. आमच्या बाबांनी निपाणीला तंबाखूच्या वखारीत हयात घालवलेली, वय सत्तरीच्या आसपास, शुगर जुनी, पोट सुटलेलं. गेल्या वर्षापासून धाप लागायला लागली आणि वखारीतला माणूस म्हटल्यावर जो तो एकच सांगणार, धूळ गेलीया छातीत, दमाच तो. पंप चालू झाला, नेब्युलायझर झालं, छातीचा एक्सरे बऱ्यापैकी साफ, तरी फरक काय नाही. त्यात आवाज बसला तो बसलाच, घोरणं इतकं की माडीवर ऐकू येतंय, आणि जेवताना भाकरीचा घास अडकतोय म्हणून आमटीत कुस्करून खायचे. आईचं म्हणणं कवळी सैल झालीया. उताणं झोपलं की जीव घाबरा, उठून पुढं वाकून बसलं की बरं वाटतंय.

शेवटी एका ईएनटी डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली तर घशाच्या मागच्या भिंतीला हा एवढा फुगवटा. वरचं कातडं चांगलं, आत मात्र कडक. आम्हाला तर कॅन्सरच आठवला. मग मानेचा बाजूनं एक्सरे काढला, त्यात मणक्यांच्या पुढच्या अंगाला हाड वाढलेलं, सी-३ पासून सी-६ पर्यंत, म्हणजे मानेच्या तिसऱ्यापासून सहाव्या मणक्यापर्यंत. रिपोर्टात ऑस्टिओफाइट आणि 'डिश' असं लिहिलंय. आता सीटी करायचाय, लागलं तर ऑपरेशन म्हणाले.

हाडाच्या डॉक्टरकडं जायचं की घशाच्या? बेळगावात होतंय की कोल्हापूर-पुणं गाठायचं? बाबा म्हणतात या वयात गळा कापून घेत नाही. धाकटे काका म्हणायलेत गावाकडं हाडवैद्य हाय, चोळून बसवतोय.

खानापूरची_अक्का
कडोलीकर भाऊ, घाबरू नका ओ. मणक्याला हाड वाढणं घरोघरी हाय, आमच्या सासूबाईंना कितीतरी वर्षं झाली, पट्टा लावतात, ट्रॅक्शन घेतात, हाताला मुंग्या येतात तेवढंच. पण त्यानं श्वास अडतोय हे काय मला पटत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तोवर लसणीचं तेल कोमट करून मानेला चोळून बघा, रात्री.

फिजिओ_टिळकवाडी
अक्का, तेल हलक्या हातानं लावा, काही बिघडत नाही. पण चोळून बसवणं, मान मोडणं, झटका देणं, ट्रॅक्शन, यातलं काहीही या पेशंटला नको. काकांना स्पष्ट सांगा. आणि सासूबाईंचा त्रास वेगळा आहे. त्यांची चकती झिजून मागच्या बाजूला नस दाबली जाते म्हणून मुंग्या येतात. इथं हाड पुढच्या बाजूला वाढलंय, आणि पुढं घसा आहे.

मी फिजिओथेरपिस्ट, सर्जन नाही, तेवढं धरून वाचा. आपल्या मणक्यांच्या पुढून कवटीपासून कमरेच्या शेवटापर्यंत एक लांब लिगामेंट जातं. या आजारात ते लिगामेंटच हळूहळू हाड बनत जातं, एक्सरेत मेणबत्तीवरून मेण ओघळून थिजल्यासारखं दिसतं. पूर्ण नाव डिफ्यूज इडिओपॅथिक स्केलेटल हायपरऑस्टोसिस, त्याचं झालं डिश. फॉरेस्टिए आणि रोटेस-केरोल या दोघांनी १९५० मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून काही डॉक्टर फॉरेस्टिए आजारही म्हणतात. पुढं १९७६ मध्ये रेस्निक आणि निवायामा यांनी निकष घातले: सलग किमान ४ मणक्यांवर असं हाड पाहिजे, मधल्या चकत्यांची उंची बऱ्यापैकी शाबूत पाहिजे आणि कमरेचे सॅक्रोइलियाक सांधे चिकटलेले नसावेत. शेवटची अट महत्त्वाची, त्यावरूनच हे सांधे चिकटवणारा तो दुसरा आजार वेगळा काढतात.

कुणाला होतं? बहुतेक पन्नाशीच्या पुढं, पुरुषांना जास्त, आणि डायबेटिस, जाड अंग, वाढलेलं युरिक अ‍ॅसिड असलेल्यांत जास्त. नक्की कशानं होतं ते अजून कुणाला सापडलेलं नाही. गंमत म्हणजे छातीच्या मणक्यांत हे हाड बहुतेक उजव्या बाजूला वाढतं, कारण डावीकडं महाधमनी सतत धडधडत असते, तिच्यामुळं तिकडं जमत नाही असं मानतात. ज्या विरळा लोकांचे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात त्यांच्यात ते डावीकडं सापडलंय.

बहुतेकांना पाठ आखडण्यापलीकडं काही होत नाही, दुसऱ्याच कशासाठी एक्सरे काढला की कळतं. पण मानेत जागाच कमी. सी-३, सी-४ च्या समोर स्वरयंत्राचं झाकण आणि तोंड येतं, तिथं हाड पुढं आलं की श्वास आणि आवाज दोन्ही धरले जातात. सी-६ च्या आसपास अन्ननलिका सुरू होते, तिथं ती जखडलेली असते, बाजूला सरकू शकत नाही, म्हणून घास अडकतो, आधी भाकरी-चपातीचा, पातळ पदार्थ बराच काळ जातात. मान मागं केली की फुगवटा आणखी पुढं, म्हणून उताणं झोपलं की घाबरं होतं. तुमचे बाबा पुढं वाकून बसतात ते कुणी शिकवलेलं नाही, शरीरानंच शोधून काढलेलं आहे.

कडोलीकर
ताई, इतकं कुणी सांगितलंच नव्हतं. मग पंपानं फरक का पडला नाही ते आता कळालं. पण सुरुवातीला डॉक्टरांना तरी कसं कळावं? शिट्टीसारखा आवाज यायचा की छातीत.

फिजिओ_टिळकवाडी
(ताई नाही, दादा आहे मी, असू दे.) आवाज कधी येतो ते बघा. दम्यात बारीक शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना येते, छातीतून. घशाशी वाट अरुंद असली तर श्वास आत घेताना घर्र किंवा कर्कश आवाज येतो आणि तो गळ्याशी जास्त ऐकू येतो. फुंकायची टेस्ट, स्पायरोमेट्री, त्यात नुसते आकडे न बघता आलेखाचा आकार बघितला तर वरच्या वाटेत अडथळा असेल तेव्हा तो चपटा दिसतो. पण नुसता आकार बघून शंभर टक्के सांगता येत नाही, दुर्बीण लागतेच. आणि वखारीतला माणूस आहे, फुप्फुसाचा त्रास वेगळा असूही शकतो, दोन्ही एकत्र असले तर छातीच्या डॉक्टरांना न विचारता पंप बंद करू नका.

एक सांगून ठेवतो, हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. सर्दी-खोकला, घसा सुजणं अशा साध्या कारणानं उरलेली वाट अचानक बुजू शकते. बसल्या जागी श्वास घेताना आवाज यायला लागला, गळ्याच्या खाली खड्डे पडायला लागले, लाळ गिळता येईना, ओठ काळे-निळे दिसले, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि बसवूनच न्यायचं, आडवं करायचं नाही.

गोकाक_ते_हुबळी
धाग्याला जरा फाटा फोडतोय. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कमरेचे-मणक्याचे सांधे सुजून आखडत जाणारा आजार, वर तो दुसरा आजार म्हटलात तो हाच असावा. मी तिशीतला. मला पण जिना चढताना धाप लागते पण घशात काहीच नाही. डॉक्टरांनी टेप लावली छातीला, चौथ्या बरगडीच्या फटीच्या रेषेत, सगळा श्वास सोडा मग पूर्ण भरा, फरक दोन सेंटीमीटरही नाही. अडीचच्या खाली आलं की छाती कमी फुलते म्हणून धरतात म्हणे. बरगड्या मणक्याला जिथं जोडलेल्या असतात ते सांधेच आखडतात, मग छातीचा पिंजरा हलत नाही आणि माणूस पोटानं श्वास घेतो.

सुरुवात कॉलेजात झाली, पहाटे कंबर आखडायची, चालून फिरून मोकळी व्हायची, विश्रांती घेतली की जास्त दुखायचं. सगळे म्हणायचे बाइक जास्त चालवतोस. या आजारासाठी रक्ताची एचएलए-बी२७ तपासणी करतात, ती पॉझिटिव्ह आली. आता गोळ्या आणि इंजेक्शन चालू आहे, इंजेक्शनाआधी टीबीची तपासणी करून घेतली कारण त्या औषधानं आत दडलेला टीबी उठू शकतो. सिगारेट सोडली. सुट्टीला बेळगावात आलो की किल्ला तलावाला फेऱ्या मारतो, आणि रोज श्वासाचे व्यायाम, ते चुकवले की दोन दिवसांत कळतंय. कडोलीकर, तुमच्या बाबांचा आणि माझा आजार एकच समजून कुणी औषध सुचवलं तर घेऊ नका एवढंच.

बोअरचं_पाणी
हे सगळं पाण्यातल्या फ्लोराइडचं हाय. मुंडरगीला माझी बहीण दिलीय, तिकडं माणसं चाळिशीत वाकलेली बघितलीत मी. सरकार सांगत नाही.

फिजिओ_टिळकवाडी
साहेब, तुमचा मुद्दा पूर्ण चूक नाही. गदग जिल्ह्यात, मुंडरगी भागात फ्लोराइडचा त्रास खरा आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ठीक, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं की लिगामेंट कडक होतात, पाठ लाकूड होते, बरगड्याही धरल्या जातात. पण तिथं एक्सरेत सगळीच हाडं दाट पांढरी दिसतात, कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडांमधल्या पडद्यातही हाड वाढतं, आणि लहानपणापासून तेच पाणी प्यालेल्यांच्या दातावर डाग असतात. कडोलीकरांच्या वर्णनात तसलं काही नाही. तरी ज्यांच्या घरी जुनं बोअर आहे त्यांनी पाणी तपासून घ्यावं, डिश असो नसो.

शहापूर_पेठ
डॉक्टरी चाललीय ती चालू दे, मी पैशाचं सांगतो. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमधून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएल असेल तर खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखापर्यंत. पण सीदा खासगीत जाऊन बसलात तर अडतंय, आधी सिव्हिलमधून, म्हणजे बिम्समधून रेफर कागद घ्यावा लागतो, इमर्जन्सी असेल तर वेगळं. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर यशस्विनी योजना बघा, आणि आपलं ऑपरेशन यादीत बसतं का ते काउंटरवर आधीच विचारा. कागद कन्नडमध्ये असतात, न समजता सही करू नका, तिथं आरोग्यमित्र म्हणून माणूस असतो, त्याला धरा, मराठीत सांगतो बिचारा.

चंदगडी_पोरगा
महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना दिलीया की. तिकडनं करा, कशाला ह्यांच्या पाया पडायचं.

शहापूर_पेठ
दिली ओ दिली, आणि २०२४ च्या सुरुवातीलाच कर्नाटकानं हरकत घेतली. तुमचं बरं हाय चंदगडात बसून. पेशंट घेऊन दारात उभं राहिलं की दोन्ही सरकारं सारखीच वाटतात.

धागा_राखणदार
सीमाप्रश्न दुसऱ्या धाग्यावर. इथले त्या विषयाचे पुढचे प्रतिसाद उडवले आहेत.

भूलवाला_डॉक
उशिरा वाचला धागा. मी भूलतज्ज्ञ आहे, ओळख सांगत नाही. दोन गोष्टी, ज्या पेशंट विसरतात आणि आमची तारांबळ होते.

एक. असल्या मानेत श्वासनळीत ट्यूब घालणं अवघड असतं. मान मागं झुकत नाही, आणि समोर हाडाचा फुगवटा. मोतीबिंदूपासून हर्नियापर्यंत कुठलंही ऑपरेशन असो, भूल द्यायच्या आधी मानेचा एक्सरे दाखवा आणि तोंडानं सांगा. आधी कळलं तर आम्ही पेशंटला जागं ठेवून, घसा बधिर करून, लवचिक दुर्बिणीवरून ट्यूब घालतो. आयत्या वेळी कळलं तर गळ्याला भोक पाडायची पाळी येऊ शकते. पोटाची एंडोस्कोपी करतानाही हेच सांगा, पाइप त्या हाडावर घासून अन्ननलिकेला इजा होऊ शकते.

दुसरं, पडणं. मणके एकमेकांना जोडले गेले की मधे लवच राहत नाही, मग बाथरूममध्ये साधं घसरलं तरी मणका आरपार मोडू शकतो. साध्या एक्सरेत तो कधी कधी दिसत नाही. असा माणूस पडला आणि मान-पाठ नव्यानं दुखतेय म्हणाला तर सीटी मागा, 'मुका मार हाय' म्हणून घरी ठेवू नका.

कुठल्या डॉक्टरकडं, याचं उत्तर: दोघांकडं, आणि शक्यतो एकाच छताखाली. बेळगावात केएलई हॉस्पिटलसारख्या ठिकाणी ईएनटी आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत, पुण्याला पळायलाच पाहिजे असं नाही.

खानापूरची_अक्का
बाबांस्नी खायला काय देताय सध्या? घास अडकतोय म्हणून माणूस खाणंच सोडतंय आणि वाळतंय, मग ऑपरेशनला अंगात जीव राहत नाही. नाचणीची आंबील ताक घालून द्या, मऊ भात-मेतकूट, मुगाचं कढण. शुगर हाय तर आंबील बेतानं. माझं तेलाचं सोडा.

फिजिओ_टिळकवाडी
अक्का, हे एक नंबर. त्यात एवढं घाला: ताठ बसून, हनुवटी किंचित छातीकडं घेऊन गिळायचं, घास लहान, एका घासाला दोनदा गिळायचं, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. गिळण्याची थेरपी देणारे असतात मोठ्या हॉस्पिटलात, त्यांना एकदा दाखवा. अ‍ॅसिडिटी असेल तर तीही आटोक्यात आणावी लागते, घसा आधीच चेपलेला असतो, त्यात आंबट पाणी वर आलं की सूज वाढते. आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं नकोत, शुगरवाल्याची किडनी जाते त्यात.

कडोलीकर
अपडेट देतोय, बरेच दिवस आलो नाही त्याबद्दल सॉरी. सीटी झाला, बेरियम पाजून गिळतानाचे फोटोही काढले, पांढरं औषध सी-५ पाशी अडून वळसा घालून खाली जाताना स्पष्ट दिसलं. सी-३, सी-४ चं हाड सगळ्यात पुढं आलेलं. एक स्वरतंतू नीट हलत नाही असंही दुर्बिणीत दिसलं. घोरण्यासाठी रात्रभर मशीन लावून झोपेची तपासणी केली, त्यात झोपेत श्वास थांबतोय हे निघालं.

डॉक्टरांनी ऑपरेशनचा आग्रह धरला नाही. नुसता घासच अडकत असता तर खाण्यात बदल करून थांबलो असतो म्हणाले, पण श्वासाला आवाज यायला लागलाय, वजन उतरलंय, म्हणून करून घ्या. त्यांनी बाबांना स्क्रीनवर त्यांचाच सीटी दाखवला. बाबा बघत राहिले आणि म्हटलान, "एवढं हाड माझ्या गळ्यात, आणि मी इतकी वर्षं तंबाखूला शिव्या देतोय." तिथंच तयार झाले.

शुगर आटोक्यात यायला वेळ गेला, तोवर तारीख दिली नाही. मग मानेच्या पुढच्या बाजूनं छेद घेऊन, घसा-अन्ननलिका बाजूला ओढून धरून ड्रिलनं ते हाड घासून काढलं. मणक्यात प्लेट-स्क्रू काही घातलं नाही, कारण मणके आधीच एकमेकांना धरून आहेत. ट्यूब जागेपणीच घातली, वर डॉक साहेबांनी लिहिलंय तसं, मी एक्सरेची फाइल हातात घेऊनच गेलो होतो आणि तिथल्या भूलवाल्या मॅडमनी ती पहिली मागितली. नंतर सूज उतरेपर्यंत आयसीयूत ठेवलं, नाकातून नळीनं खाणं. घसा सुरुवातीला आधीपेक्षा जास्त दुखला, आवाज पार गेला होता, त्यामुळं घरात सगळे हबकले. हळूहळू उतरलं ते.

आता घास जातोय. श्वासाचा आवाज बंद. आवाज अजून खरखरीत आहे, स्वरतंतूला वेळ लागेल, कदाचित पूर्ण येणार नाही म्हणाले. घोरणं कमी झालंय पण गेलेलं नाही, वजनाचंही ते आहे, मास्कमधून हवा देणारं मशीन लावून झोपायला सांगितलंय आणि बाबा रोज रात्री त्यावरून भांडतात. हाड परत वाढू शकतं, वर्षाला थोडं थोडं, म्हणून दरवर्षी एक्सरे. छातीचा पंप छातीच्या डॉक्टरांनी तपासून बंद केला.

गोकाक_ते_हुबळी
भारी वाटलं वाचून. मशीनचं बाबांना सांगा, सुरुवातीला मास्क टोचतोच, साइज बदलून बघा. माझ्या मामांचं तसंच झालं होतं.

बोअरचं_पाणी
बहिणीच्या गावचं पाणी तपासायला दिलंय.

चिकोडी_मळा
धागा अख्खा वाचला. आमच्या आत्यांना हुबेहूब असंच, शुगर, घोरणं, घास अडकणं, आणि आता आवाज बसलाय. खोकल्याची औषधं चालू आहेत गावात. पहिलं काय करू? डायरेक्ट सीटी काढू का?

फिजिओ_टिळकवाडी
नाही. आवाज बसून तीन आठवड्यांच्या वर झाले असतील तर आधी ईएनटीकडं दुर्बीण, कारण घशाची गाठ असेल तर तीही तिथंच दिसते आणि ती आधी वगळायला पाहिजे. मानेचा बाजूचा एक्सरे त्याच दिवशी होतो, स्वस्त आहे, उभं किंवा बसवून काढतात. सीटी नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा. आणि त्या उताण्या झोपू शकतात का ते बघा, सीटीला उताणं झोपवतात, झोपल्यावर घाबरं होत असेल तर टेबलावर घ्यायच्या आधीच तिथल्या माणसाला सांगा आणि ऑक्सिजन, डॉक्टर जवळ आहेत याची खात्री करून मगच आत जा.

चिकोडी_मळा
उशी दोन घेऊनच झोपतात त्या. उद्या सकाळच्या एसटीनं बेळगावला घेऊन येतो.